परसातला धबधबा

नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधे रनाळे लागतं. तिथे आमचं वाडवडिलांचं घर आहे. घरामागे परस, परसात एक कडुलिंब, एक हौद आणि अळूचं बेट. या परसात धबधबा नाही, ही उणीव इतक्या पिढ्यांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती आमच्या पुतण्याच्या लक्षात आली.

पुतण्या सुरतेला बंगल्यांच्या मागे तळी बांधून देतो. आपण ज्याला डबकं म्हणत आलो, त्याला तो 'वॉटर फीचर' म्हणतो. निम्मा खर्च या नावातच असावा.

त्याने नकाशा पसरला. तळं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. तळाशी पंप, तो पाणी वर चढवणार, वरून ते खडकांवरून पुन्हा तळ्यात. "काका, प्रत्येक खडक तिसरा हिस्सा तरी जमिनीत पुरायचा. नाहीतर तो ट्रकमधून सांडल्यासारखा दिसतो." अगदी वरचा दगड मात्र सपाट हवा आणि थोडा पुढे आलेला, म्हणजे पाणी दगडाला चिकटून न ओघळता मोकळं पडतं. डासांसाठी गप्पी मासे. कडुलिंबाखाली तळं नको, पानं पडून पाणी कुजतं. पोराला त्याचं काम येतं, हे कबूल केलंच पाहिजे.

पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, हेही त्याने सांगितलं. मग क्योतोच्या र्‍योआनजी मंदिराकडे वळला. तिथे पाण्याचा थेंब नाही. पांढरी वाळू आणि पंधरा दगड. कुठेही बसा, एखादा तरी नजरेआड राहतोच. लोक लांबून येऊन ते बघत बसतात म्हणे. हा प्रकार वहिनींना एकदम पसंत पडला. दगड आणि कोरडी जमीन! रनाळ्यात मे महिन्यात हे फुकट होतं.

खडक तो राजस्थानातून मागवणार होता. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या मैलोन्‌मैल भिंती जमिनीतून आपोआप वर आलेल्या आहेत. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात आणि लांबून बघायला येतात. दगडाच्या बाबतीत आम्ही कुणाचे मिंधे नाही.

खरा प्रश्न पाण्याचा होता. भर उन्हाळ्यात दिवसाला बोटभर पाणी उडालं, तरी त्या तळ्याच्या चार घागरी झाल्या. वहिनींनी हा हिशोब नकाशा उलटा धरून केला आणि तो बरोबर निघाला. लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षं त्या गावविहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. घागर हे त्यांचं अधिकृत माप आहे. पोराला म्हणाल्या, "आठे पेवाले पानी नही, अन् तू त्याले दगडवरथीन ढकली ऱ्हायना?"

पुतण्या गप्प झाला. सुरतेत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

मला तेव्हा औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आठवली. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवरून हौदात पाडलेलं. पंप नाही. शिवाय ते पाणी दळण दळायचं. वहिनींना पडणाऱ्या पाण्याचं वावडं नव्हतं, रिकामटेकड्या पाण्याचं होतं.

मग तळं रद्द झालं. बोअरचा पाईप हौदापाशी रचलेल्या खडकांच्या माथ्यावर नेला. एरवीही हौद भरायचाच. आता तो धबधब्याने भरतो. सांडलेलं अळूला. अडचण एवढीच, की बोअर शेतीच्या लायनीवर आहे आणि शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. आमचा धबधबा रात्री दोन वाजता सुरू होतो. पाहुण्यांना गजर लावून झोपावं लागतं.

माथ्यावरच्या त्या सपाट दगडासाठी पुतण्या तीन दिवस रानोमाळ हिंडला होता. परवा गेलो, तर वहिनी त्यावर गोधडी आपटीत होत्या.

"दगड भारी से," म्हणाल्या.