वीणेचा पहारा

संगीताच्या उत्सवांत दोन प्रकारचे लोक असतात: एक ऐकावयास आलेले व दुसरे राबावयास राहिलेले. पहिल्या प्रकारच्या लोकांनीं आपल्या आनंदाचीं वर्णनें पुष्कळ लिहिलीं आहेत. सवाई गंधर्वांच्या पहिल्या पुण्यतिथीस, १९५३ सालीं, पुण्यास जो उत्सव सुरू झाला, तेथून परतलेल्या रसिकानें निदान आठ दिवस डोळे मिटून बोलावें व घरीं राहिलेल्या मंडळींच्या कानांची कींव करावी, असा आपल्याकडे एक शिष्टाचारच पडून गेला आहे. तो आम्हींहि तरुणपणीं मोठ्या निष्ठेनें पाळला. परंतु ज्या उत्सवांत आपलें घर, आपली चूल, आपलीं भांडीं आणि आपली झोंप हीं सारीं खर्ची पडतात, त्याच्या आनंदाविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. कारण हा आनंद ज्याच्या वांट्यास येतो, त्याच्या हातांत त्या आठवड्यांत लेखणी नसून वाढण्याची बादली असते!

आमचा उत्सव म्हणजे आमच्या गांवचा अखंड हरिनाम सप्ताह. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यांत, बालाघाटाच्या माथ्यावर आमचें गांव आहे. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते. पण नदीचा उगम असणें निराळें आणि नदीचें पाणी असणें निराळें, हें आमच्या लोकांना भूगोलाच्या पुस्तकावांचून ठाऊक आहे. पाण्याची ही उणीव देवानें नामघोषानें भरून काढली असावी. भगवानबाबा (१८९६–१९६५) याच तालुक्यांतील सुपे सावरगांवचे. आमच्याकडील गडांचे नारळी सप्ताह दरवर्षीं निराळ्या गांवीं भरतात, आणि पुढील वर्षाचा नारळ आपल्या गांवाला मिळावा म्हणून टँकरचें पाणी पिणारीं गांवेंहि चढाओढ करतात. अखंडपणाचें वेड या जिल्ह्याच्या हाडींमासीं खिळलें आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारें चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ओव्या लिहून ठेवल्या. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानतात. जेथें कवीला कागद पुरत नाहीं, तेथें गाणाराला एक रात्र कशी पुरावी?

फाल्गुन शुद्ध दशमीस आमच्या मारुतीच्या देवळापुढें वीणा उभी राहते, ती तुकाराम बीजेस खालीं येते. मधल्या सात अहोरात्रांत ती जमिनीस टेकावयाची नाहीं व तिची तार थांबावयाची नाहीं, एवढाच काय तो या उत्सवाचा कायदा. बाकी सर्व कार्यक्रम त्या एका तारेवर वाळत घातलेल्या वस्त्रांसारखा असतो. पहाटे काकडा व भूपाळ्या, सकाळीं ज्ञानेश्वरीचें पारायण, दुपारीं गाथ्यावरील भजन, दिवस मावळतांना हरिपाठ व त्याबरोबर पावल्या, आणि रात्रीं कीर्तन. मृदंग वाजविणारा मुलगा आमच्याच गांवचा. जोगमहाराजांनीं १९१७ सालीं आळंदीस स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेंत चार वर्षें राहून तो परतला आहे. मृदंगाच्या डाव्या अंगाला, म्हणजे धुमेला, ओली कणीक लावावी लागते. ती रोज एकेका घरून जाते. ज्या दिवशीं आमच्या घरची पाळी असते, त्या दिवशीं धूम घुमूं लागली कीं आमच्या घरांतील बायका एकमेकींकडे पाहून म्हणतात, “आज आपली कणीक बोलते आहे.” पुण्यामुंबईच्या कोणत्याहि मैफलींत असा अधिकार आम्हांस लाभलेला नाहीं!

सप्ताहाच्या संगीतांत दोष काढणें फार सोपें आहे, आणि आम्हीं ते पुष्कळ वर्षें काढले. पेटी चढ्या सुराची, टाळकरी शंभरावर, कंठ सगळे पट्टी सोडून धांवणारे. मालकंसाच्या वळणाची एखादी चाल सुरू होते न होते तोंच मागच्या रांगेंतला कोणी शेतकरी आपल्या बैलाला हांक मारावी तसा तार षड्जाला हात घालतो. अलीकडे कांहीं बुवांच्या कीर्तनांत अभंग थोडा व विनोद फार असतो, आणि त्यांच्या बिदागीचा आंकडा ऐकून खुद्द तुकोबांना हातांतील चिपळ्या खालीं ठेवाव्या लागल्या असत्या. हें सर्व खरें आहे. पण गांवकऱ्याला हे दोष पुरतेपणीं भोगावयास तरी कोठें मिळतात? अभंगाचें पहिलें चरण तो मंडपांत ऐकतो, दुसरें आमटीच्या कढईपाशीं, तिसरें पाण्याच्या टँकरपाशीं, आणि चौथें, शेजारच्या गांवांहून आलेल्या भाकरी मोजतां मोजतां. असें चार दिवस चाललें कीं मंडप कोठें संपतो व गांव कोठें सुरू होतें हें समजेनासें होतें. गोठ्यांतली म्हैस टाळांच्या ठेक्यावर रवंथ करते, आणि दळणाच्या गिरणीवर उभा असलेला माणूस नकळत पायानें ताल धरतो.

ध्वनिक्षेपकांविषयींचा नियम २००० सालीं झाला, तेव्हांपासून आमच्याकडील कीर्तन आठ ते दहा असें आटोपशीर झालें आहे. रात्रीं दहाला कर्णा मुका होतो. आरंभीं गांवानें याबद्दल फार कुरकुर केली. पण आमच्या मतें त्या नियमानें सप्ताहाला त्याची रात्र परत दिली. कर्णा थांबला कीं आपल्या गांवाचा खरा आवाज केवढा आहे हें प्रथमच ऐकूं येतें. जागराचे पांचसहा टाळ, एक मृदंग आणि त्या सर्वांखालून, विहिरीच्या तळाशीं झरा वाजावा तसा वीणेचा स्वर.

या वीणेसाठीं पहाऱ्याची यादी असते. दोन दोन तासांचा एक पहारा. दिवसाचे बारा, सात दिवसांचे चौऱ्यांशी. जीवाला चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरावें लागतें असें कीर्तनकार सांगतात. आमचें गांव चौऱ्यांशी पहाऱ्यांत पार होतें. शाळेंतील एक जुना फळा देवळाच्या भिंतीस टेकवून त्यावर ही यादी खडूनें लिहितात, आणि तो फळाच आमच्या गांवची खरी खानेसुमारी होय. कारण सप्ताह पडतो फाल्गुनांत, आणि आमचें निम्में गांव दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला गेलेलें असतें, तें पाडव्याच्या आगेंमागें परततें. १९५० च्या सुमारास प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढें पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांचीं धुराडीं वाढत गेलीं, आणि तसतसा आमच्या कोरडवाहू माथ्यावरून खालीं उतरणाऱ्या तोडकऱ्यांचा ओघहि वाढला. तेथें माणसें मोजीत नाहींत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या एका कोयत्यामागें गांवांत काय उरतें, याचा हिशेब मात्र कोणत्याहि मुकादमाच्या वहींत नसतो: एक म्हातारी, दोन नातवंडें आणि एक कुलूप.

गेल्या वर्षीं फळ्यावरील चौऱ्यांशी घरांपैकीं तिसांहून अधिक रिकामीं राहिलीं. सप्ताहाला चार दिवस उरलेले. देवळांत बैठक भरली. कोणी म्हणालें, बाहेरगांवचे विणेकरी मोलानें आणावे. एका तरुणानें सुचविलें कीं शहरांतले गवई यंत्राचा तंबोरा लावतात, तसा रात्रीपुरता लावून ठेवावा. देवाला फरक कळावयाचा नाहीं! यावर मंडळी हंसली, पण उपाय कोणालाच सुचेना. तेवढ्यांत खांबाआड बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, “आमी बाया धरू की इना.”

सभा गप्प झाली. अशा वेळीं शहाण्या माणसानेंहि गप्प राहावें. पण आम्ही पडलों चार बुकें वाचलेले. परंपरा म्हणजे काय, ती एकदां मोडली तर पुन्हां कशी सांधतां येत नाहीं, आमच्या गांवीं बायकांनीं वीणा धरण्याची चाल कशी नाहीं, यावर आम्हीं एक लहानसें पण रेखीव भाषण केलें. म्हातारीनें तें शेवटपर्यंत ऐकून घेतलें व शांतपणें विचारलें, “भाऊ, चाल न्हाई म्हंता, तर मग रातच्या दोनच्या पहाऱ्याला तुमी उभं ऱ्हाता का? तुमचं नाव फळ्यावर कुटं दिसंना.”

आम्हीं फळा वरपासून खालपर्यंत वाचला. आमचें नांव खरोखरच कोठें नव्हतें. तें कधींच नसे. वर्गणींत आमचें नांव वरच्या ओळींत असे, पत्रिकेवरील मजकूर आमच्या हातचा असे, बुवांच्या स्वागताला आम्ही पुढें असूं. परंतु एवढ्या वर्षांत वीणा एकदांहि आमच्या गळ्यांत आली नव्हती, आणि ही गोष्ट आमच्या ध्यानांतहि आली नव्हती. गांवांत राहूनहि आम्ही या उत्सवाला पाहुणेच होतों! अध्यक्षस्थानच्या वृद्ध गृहस्थांनीं एवढेंच विचारलें, “गंगाखेडची जनाबाई आपल्याला काकड्याला चालते, मग गांवची म्हातारी पहाऱ्याला कां चालूं नये?” आणि खडू हातीं घेऊन त्यांनीं दोन नांवें लिहिलीं. होळीच्या रात्रीं दोन ते चार आम्ही. चार ते सहा ती म्हातारी.

वीणा दिसते तशी हलकी नसते. पहिला अर्धा तास आम्हांला आपण कसे दिसत असूं याची काळजी होती. दुसरा पायांच्या पोटऱ्यांनीं खाल्ला. तिसरा झोंपेशीं झगडण्यांत गेला. मंडपांत टाळ धरून बसलेला एक मुलगा होता, तोहि पेंगत होता. बाहेर पौर्णिमेचें चांदणें, चौकांतल्या होळीची राख अजून धगधगत असलेली, आणि चांदण्यांत लखलखणारीं ओळीनें दहाबारा कुलुपें. गवयाचें गाणें ऐकतांना आपण नेहमीं पुढें काय येणार याची वाट पाहत असतों. येथें पुढें कांहींच यावयाचें नव्हतें. तोच स्वर, तोच स्वर. पण शेवटच्या अर्ध्या तासांत असें कांहीं झालें कीं तो स्वर आम्ही काढतों आहों हेंच आम्ही विसरलों, आणि तो थांबूं नये एवढीच एक इच्छा उरली. त्याच वेळीं कोठें तरी शंभर-दीडशें मैलांवर, उसाच्या फडांत आमच्या गांवचीं माणसें मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढत असतील. तीं जागीं, म्हणून गांवानें जागें राहावयाचें. रात्रभर वीणा कां वाजवितात याचा याहून चांगला अर्थ आम्हांला कोणत्याहि प्रवचनांत सांपडलेला नाहीं.

पावणेचारला म्हातारी आली. थंड पाण्यानें न्हाऊन, धुवट नऊवारी नेसून, बोटाला नातू. पोराच्या हातांत मोबाईल होता व त्यावर फडांतल्या कोपींतून तिचा मुलगा बोलत होता. तेव्हां आम्हांस समजलें कीं काकड्याचा हा पहारा पूर्वीं त्या मुलाचाच असे. म्हातारी म्हणाली, “त्याच्या नावाचा पहारा हाय. रिकामा कसा ठिवायचा?”

पहारा बदलतांना दोघांनीं एकमेकांच्या पायां पडावयाचें, अशी रीत आहे. आम्हीं वाकलों. त्या भेगाळलेल्या पायांकडे आम्हीं उभ्या जन्मांत कधीं पाहिलें नव्हतें. ते पाय आमच्या अंगणावरून रोज पाण्याला जात असत. आम्हीं वीणा तिच्या गळ्यांत दिली, आणि आमचें बोट तारेवरून निघण्याच्या आधीं तिचें बोट तेथें आलें. स्वर तुटला नाहीं. नातवानें मोबाईल वीणेच्या भोपळ्यापाशीं धरला, आणि काकडा सुरू झाला.

बीजेच्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां फुलें उधळलीं, काल्याची हंडी फुटली, पंगती उठल्या, आणि सात दिवसांनीं वीणा खालीं आली. त्यानंतर गांवांत जी शांतता पडते ती सहन होण्यासारखी नसते. एकदम कानांत दडे बसावे तसें होतें. ऊसतोड वीणेनें थांबत नाहीं, कुलुपें टाळांनीं उघडत नाहींत, हें आम्हांस कळतें. फळ्यावरील रिकामीं घरें हा देवळांत सुटणारा प्रश्न नव्हे. पण तीं घरें कोणाचीं आहेत हें गांवाला दरवर्षीं एकदां खडूनें वाचावें लागतें, हेंहि थोडें नाहीं.

पाडव्याला मुलगा परत आला. आतां पुढील वर्षीं तूंच पहारा धर, असें आम्हीं त्याला त्याच्या आईदेखत म्हटलें, तेव्हां तो नुसता हंसला. उत्तर म्हातारीनेंच दिलें. “त्यानं दुसरा कोंचा बी धरावा. चारचा माजा हाय.” आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “अन् दोनचा तुमचा. इसरू नका.”