वेळापत्रक

प्रवासापेक्षा प्रवासाची आखणी अधिक सुखाची असते, असे कोणी मला विशीत सांगितले असते, तर मी त्याची थट्टाच केली असती. किंबहुना तशी थट्टा मी एकदा केलीही होती. आणि ज्यांची केली, त्यांची क्षमा मागण्याची सोय आता उरलेली नाही. परंतु ती हकीकत ओघाने येईलच.

२०२३ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील हायडेलबर्गच्या विद्यापीठात एका सत्रापुरते शिकविण्याचे काम मला मिळाले. हे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. तेथील दक्षिण आशिया संस्था १९६२ साली निघाली, आणि खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा या आपल्या दैवतांचा माग काढीत धनगरांच्या वाड्यांवर हिंडलेले गुंथर सोन्थायमर हे याच संस्थेत अध्यापक होते. १९९२ मध्ये ते वारले. जेजुरीचा भंडारा ज्या गावी पोहोचला होता, तेथे आपलेही बरे चालेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि निघालो.

सोमवार ते शुक्रवार खरोखरच बरे चालले. सकाळी नेकार नदीवरील पूल ओलांडून मी कामावर जाई. दुपारी विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात ताट घेऊन रांगेत उभा राही. संध्याकाळी ग्रंथालयातून परत येताना पाव आणि दही घेई आणि खोलीवर डाळ शिजवी. कोणता कचरा कोणत्या पेटीत टाकावयाचा, हे शास्त्रही मी महिन्याभरात आत्मसात केले. पांढरी काच, हिरवी काच आणि तपकिरी काच यांना तेथे वेगवेगळे बिऱ्हाड असते.

अडचण रविवारची होती. त्या दिवशी तेथील दुकाने कायद्याने बंद असतात. शनिवारी संध्याकाळी मीठ संपल्याचे ध्यानात आले नाही, तर रविवारी अळणी जेवावे लागते. रिकामी बाटली काचेच्या पेटीत टाकणेसुद्धा त्या दिवशी वर्ज्य. कारण तिच्या आवाजाने शेजाऱ्याची शांतता भंगेल! आपल्याकडे रविवार म्हणजे भाजीवाल्याची आरोळी, वरच्या मजल्यावरील खलबत्ता आणि न कळविता आलेला पाहुणा. त्या निःशब्द रविवारी खोलीत बसलो, की मला माझ्याच घड्याळाचा राग येऊ लागे.

अशा वेळी एक तिकीट माझ्या मदतीस धावले. १ मे २०२३ पासून त्या देशात महिन्याला ४९ युरो भरून कोणत्याही गावाच्या ट्रॅममध्ये, बसमध्ये आणि जवळपासच्या पल्ल्याच्या सर्व गाड्यांत बसण्याची मुभा मिळाली. मात्र लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या त्यातून वगळल्या होत्या. ही अट तरुणांना जाचक वाटे. मला ती वरदानासारखी वाटली. वेगवान गाडीला आखणी लागत नाही. मंद गाड्यांनी दूर जावयाचे, तर कोठे उतरावयाचे, किती मिनिटांत दुसरी गाडी गाठावयाची, ती चुकली तर पुढची केव्हा, याचा हिशेब करावा लागतो. शुक्रवारचे जेवण आटोपले, की मी पेन्सिल घेऊन तो हिशेब मांडू लागे. हातातील दूरध्वनीवर तो क्षणात तयार मिळतो, हे मला ठाऊक होते. पण तयार मिळालेला हिशेब संध्याकाळ भरून काढीत नाही.

अशा रीतीने मी श्पायरचे अकराव्या शतकातील प्रचंड कॅथीड्रल पाहिले. १५२१ मध्ये सम्राटासमोर उभे राहून ल्यूथरने आपली मते मागे घेण्याचे नाकारले, ते वोर्म्स पाहिले. गुटेनबर्गचे माइन्झ पाहिले. जूनमध्ये एका रविवारी मी काल्फला निघालो. ‘सिद्धार्थ’ कादंबरीचा कर्ता हेरमान हेस्से १८७७ मध्ये या लहानशा गावी जन्मला. परंतु मला ओढ होती ती त्याच्या आजोबांची. हेरमान गुंडर्ट यांनी वीसाहून अधिक वर्षे हिंदुस्थानात काढली, आणि १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मलयाळम-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. हेस्सेची आई तर केरळातील तलश्शेरीस जन्मली होती.

काल्फला जाण्यासाठी कार्ल्सरूह आणि फोर्ट्सहाइम अशा दोन ठिकाणी गाडी बदलण्याचे मी ठरविले होते. फोर्ट्सहाइमला हातात आठ मिनिटे होती. मी मोठ्या ऐटीत फलाटावर जाऊन उभा राहिलो, आणि माझी गाडी समोरच्या फलाटावरून निघून गेली. दोष सर्वस्वी माझा. फलाटाचा आकडा मी माझ्याच अक्षरात चुकीचा उतरून घेतला होता. आता तासभर थांबणे आले. मी बाकावर बसलो, आणि हातातील त्या कागदाकडे पाहता पाहता मला अण्णांची आठवण झाली.

आमचे वडील बार्शीस शाळामास्तर होते. कुर्डुवाडीच्या स्टेशनावरून ते दरवर्षी रेल्वेचे नवे वेळापत्रक विकत आणीत आणि रात्री जेवणानंतर कंदिलाशी, पुढे दिव्याखाली, ते वाचीत बसत. प्रत्यक्षात त्यांचा प्रवास पंढरपूर आणि सोलापूर यांपलीकडे फारसा गेला नाही. मी पुण्यास कॉलेजात गेलो आणि मला शिंगे फुटली. सुट्टीत घरी आलो असता मी म्हणालो, “अण्णा, कोठे जावयाचे तर नाही, मग हे रोजचे पारायण कशाला?” ते काही बोलले नाहीत. पुस्तक मिटून त्यांनी ते फळीवर ठेवले.

ते गेल्यावर घर आवरताना त्यांतील एका वेळापत्रकात मला एक घडी घातलेला कागद सापडला. बार्शी, कुर्डुवाडी, दौंड, मनमाड, इटारसी, जबलपूर, अलाहाबाद, काशी. प्रत्येक ठिकाणच्या वेळा, दोन माणसांचे भाडे आणि खाली बेरीज. वर तारीख होती ती मी कॉलेजात नाव घातले त्या वर्षाची. त्या बेरजेचे पुढे काय झाले, हे मला विचारावे लागले नाही. माझ्या वसतिगृहाची फी त्याच महिन्यात भरली गेली होती.

फोर्ट्सहाइमला तेव्हा अकरा वाजले होते; पुण्यात अडीच. दुपारची झोप झाल्यावर आई उठली असेल, असे समजून मी तिला फोन केला आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्या कागदाविषयी विचारले.

“तो होय!” आई म्हणाली. “मला पाठ होता तो. रोज वाचून दाखवायचे ना. इटारसीपर्यंत तर आम्ही कितीदा जाऊन आलो! इटारसीला चहा चांगला मिळतो म्हणायचे. स्वतः कधी गेले नव्हते, पण म्हणायचे.”

मी जरा धीर करून म्हणालो, “आई, मी त्यांना एकदा टाकून बोललो होतो.”

ती थोडा वेळ थांबली. “हो. लागले होते त्यांना. दोन दिवस पुस्तक उघडले नाही. तिसऱ्या दिवशी मीच फळीवरून काढून हातात दिले. म्हटले, आपण मनमाडला बसून आहोत, पुढची गाडी केव्हा ते तरी बघा.”

मला काही सुचेना. फलाटावर एक म्हातारी कुत्र्याला पाणी पाजीत होती. तिच्याकडे मी नुसता पाहत राहिलो. काशीस येतेस का, असे मी आईला विचारले. गुडघे आता जिना चढू देत नाहीत, असे ती म्हणाली, आणि मग तिने विचारले, “तू आता आहेस कोठे? पुढे कोणती गाडी?”

मी कागद उलगडला आणि तिला वाचून दाखवू लागलो. गावांची ती अवघड नावे ती माझ्यामागून एकेक म्हणत होती. ‘काल्फ’ तिला पहिल्याच खेपेस साधले. तेवढ्यात गाडी आली.

त्या सत्राचे आणखी सहा रविवार उरले होते. शुक्रवारची आखणी मी पुढे एकट्याने केली नाही.