एकही नोंद सापडली नाही

'एकही नोंद सापडली नाही' हे वाक्य स्क्रीनवर आलं की समोरचा माणूस सहसा वाद घालत नाही. खिडकीतला कारकून 'नाही' म्हणाला तर आपण हुज्जत घालतो, साहेबांना भेटायचंय म्हणतो. मशीन 'नाही' म्हणालं की मान खाली घालून निघतो. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, आणि माझ्या पगाराचा बराचसा भाग या वाक्यावर विश्वास न ठेवण्यासाठी मिळतो. शिवाय मी घोडपदेवला राहतो. इथे यादीत नाव असणं किंवा नसणं यावर घरं ठरली आहेत. त्यामुळे ऑफिसातला हा प्रश्न लिफ्टने खाली उतरून माझ्याबरोबर घरापर्यंत येतो.

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला आम्ही क्वेरी म्हणतो. उत्तर ओळींमध्ये येतं. दहा ओळी, दहा हजार ओळी, कधी शून्य ओळी. क्वेरीचं व्याकरण चुकलं तर डेटाबेस बोंब मारतो, कुठल्या शब्दाशी अडखळला तेही सांगतो. पण व्याकरण बरोबर आणि उत्तर रिकामं असेल तर तो शांत असतो. त्याच्या लेखी काम नीट पार पडलेलं असतं. म्हणून बोंब मारणारी क्वेरी दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात आणि शून्य ओळी देणारीला कधी कधी आठवडा.

आतापर्यंत मला शून्याचे चार प्रकार भेटलेत.

पहिल्या प्रकारात प्रश्न डेटाबेसपर्यंत पोचलेलाच नसतो. ॲप आणि डेटाबेस यांच्यात मोजक्याच जोडण्या असतात. गर्दीच्या वेळी सगळ्या अडकल्या की नवीन प्रश्नाला रांगेत थांबावं लागतं. तीस सेकंद थांबून कोड परत फिरतो. इथे खरं तर 'शोधता आलं नाही' असं सांगायला हवं. पण बऱ्याच ठिकाणी कोणीतरी कोडमध्ये लिहून ठेवलेलं असतं, की काही बिघडलं तर रिकामी यादी परत दे, म्हणजे ॲप बंद पडणार नाही. ॲप बंद पडत नाही हे खरं. ते न शोधताच 'सापडलं नाही' म्हणतं. दार वाजवायचंच नाही आणि घरी कोणी नव्हतं म्हणून सांगायचं, तसा हा प्रकार. ओळखायची खूण सोपी आहे: तीच क्वेरी ॲपला बाजूला ठेवून थेट डेटाबेसवर चालवायची. तिथे ओळी आल्या तर माणूस घरातच आहे.

दुसरा प्रकार जास्त खोडकर. आमच्याकडे एका ग्राहक कंपनीचं विमा योजनेचं काम होतं. ज्या सभासदांचे कागद आलेले नाहीत, त्यांना रोज रात्री आठवणीचा मेसेज जायचा. क्वेरी सरळ होती: असे सभासद दे, ज्यांचा क्रमांक कागद आलेल्यांच्या यादीत नाही. एक दिवस मेसेज थांबले. अहवालात बाकी कागद शून्य. पहिले काही दिवस सगळे खूश होते, लोकांनी शेवटी कागद पाठवले म्हणून. पण शेवटची तारीख जवळ येत होती आणि ती उलटली असती तर त्या लोकांचा विमा गेला असता.

कारण निघालं एका ओळीत. कोणीतरी एक कागद नोंदवला होता, पण सभासद क्रमांकाची जागा रिकामी ठेवली होती. डेटाबेसमध्ये या रिकाम्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. आता समजा, यादीत 3, 7 आणि एक पुसलेला आकडा आहे. 5 या यादीत नाही, असं छातीठोकपणे सांगता येईल का? पुसलेला आकडा 5 असू शकतो. म्हणून डेटाबेस म्हणतो, 'माहीत नाही'. आणि क्वेरीच्या अटीतून आत जायला 'हो' लागतं, 'माहीत नाही' चालत नाही. एका पुसलेल्या आकड्याने प्रत्येक सभासदाचं उत्तर 'माहीत नाही' झालं आणि सगळेच्या सगळे यादीबाहेर गेले. एकाची माहिती अपुरी, आणि गायब झाले सगळे.

'नॉट इन'च्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरून ती क्वेरी पुन्हा लिहिली. बदल दोन ओळींचा. शोधायची पद्धत मात्र जुनीच: क्वेरीचे तुकडे करायचे, आतला प्रश्न एकटा चालवायचा, एकेक अट काढत जायची, आणि कुठली अट काढल्यावर ओळी परत येतात ते बघायचं. यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते.

ओळी आणि स्तंभांच्या तक्त्यांमागचं गणित एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये असताना मांडलं. पुढे 1990च्या आपल्या पुस्तकात त्यांनी 'माहीत नाही'चे दोन वेगळे प्रकार सुचवले: माहिती आहे पण आपल्यापर्यंत आलेली नाही, आणि ही माहिती या माणसाला लागूच नाही. आपण रोज वापरतो त्या डेटाबेसांनी मात्र एकच नल ठेवला. फोन नंबर न सांगितलेला माणूस आणि फोनच नसलेला माणूस तिथे सारखेच दिसतात.

तिसरा प्रकार आपल्या लिपीचा. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला 'ऱ्ह' संगणकावर दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. आत मोजलं तर पहिलं नाव सात चिन्हांचं, 21 बाइट्सचं. दुसरं आठ चिन्हांचं, 24 बाइट्सचं. काही डेटाबेस नीट सेटिंग असेल तर ही दोन्ही एकच मानतात. पोस्टग्रेस त्याच्या नेहमीच्या सेटिंगवर बाइट्स बघतो, आणि त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे कऱ्हाडे आहेत. 'ॲ'चंही तेच. एक अखंड 'ॲ' असतो आणि एक 'अ'वर चंद्र ठेवून केलेला. युनिकोडच्या नियमाप्रमाणे अक्षरं एकसारखी करून घेतली, तरी हे दोन एक होत नाहीत. ते आपले आपण जुळवावे लागतात. ज्यांनी टाइप केलं त्या दोघांचंही बरोबर असतं. फक्त त्यांचे कीबोर्ड वेगळे होते.

चौथ्या प्रकारात खरोखरच नोंद नसते. असंही होतं. पण तिथे पोचायच्या आधी पहिले तीन तपासून झालेले असले पाहिजेत.

आता घोडपदेव. भायखळा, रे रोड, कॉटन ग्रीन आणि लालबाग यांच्या मधला हा भाग. इथल्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आता म्हाडाच्या उंच इमारती आहेत, गिरणी कामगारांच्या घरांच्या. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बऱ्याच जणांना पुन्हा गिरणीत जाता आलं नाही. पुढे जमिनीचा काही हिस्सा कामगारांच्या घरांना द्यायचं ठरलं. 28 जून 2012 रोजी 6,925 घरांची सोडत निघाली. 1 मार्च 2020 रोजी 3,894 घरांची. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास होते. अट अशी, की कामगार 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. इंजिनीअरच्या डोळ्यांनी बघितलं तर ही एक क्वेरी आहे: तारखेची अट, गिरणीची अट, आणि माणूस तोच आहे याची खातरजमा. पहिल्या दोन अटी कागदावर सोप्या आहेत. तिसरी सगळ्यांत अवघड.

ती किती अवघड, ते मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे कळलं. त्यांचे यजमान साचा खात्यात होते. वारले त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. 2023च्या सप्टेंबरात अर्जदारांची कागदपत्रं गोळा करायची मोहीम सुरू झाली, तेव्हा त्या प्लास्टिकची पिशवी घेऊन वर आल्या. "तुझं कंप्युटरचं शिक्षण ना रे, एवढं बघून दे."

पिशवीत गिरणीचा पास, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला आणि पीएफची एक जुनी चिठ्ठी होती. आडनाव इथे लिहीत नाही; समजा, 'वाघमारे'. पासावर इंग्रजीत, 'व्ही'ने सुरू होणारं. दाखल्यावर तेच 'डब्ल्यू'ने. रेशनकार्डावर मराठीत, पण वडिलांच्या नावाऐवजी गावाकडचं घरगुती नाव. पीएफच्या चिठ्ठीवर फक्त आद्याक्षरं. चार कागद, चार माणसं. नावावरून शोधणाऱ्या कुठल्याही क्वेरीला यातला एकही दुसऱ्याला जुळला नसता.

नावांच्या स्पेलिंगची ही कटकट जगभर जुनी आहे. अमेरिकेत 1918 साली त्यासाठी 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं. नाव ऐकायला कसं लागतं त्यावरून एक अक्षर आणि तीन आकड्यांचा संकेत बनवायचा. अनेक डेटाबेसांमध्ये ती आजही तयार मिळते. 'पवार'ची दोन इंग्रजी स्पेलिंगं, 'ए'वालं आणि 'ओ'वालं, तिच्यात एकच संकेत देतात, तेव्हा बरं वाटतं. पण साउंडेक्स पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन उच्चार आहेत. आपल्याकडे 'व' एकच. त्यामुळे आपले सगळे वाघमारे, वाघ, वैद्य, वाडकर पहिल्याच अक्षरावर दुभंगतात. ती पद्धत ज्या कानांसाठी बनली, ते कान आपले नव्हते.

मी आजींना विचारलं, "आजोबांचं पूर्ण नाव काय लिहायचे सगळीकडे?" त्यांनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. "ह्यांचं नाव कागदावर हाय की, तू वाच. नंबर पाठ हाय माझा." आणि त्यांनी तिकीट नंबर सांगितला. न थांबता, आकड्यामागून आकडा. पुढे खातं, पाळी आणि गिरणीचं नाव. पासावर बघितलं, तर अक्षर न् अक्षर बरोबर.

डेटाबेस डिझाइन शिकवताना आम्हाला सांगितलं होतं की नावाला कधी किल्ली करू नका. नाव बदलतं, दोघांचं सारखं असतं, चुकीचं लिहिलं जातं. प्रत्येक ओळीला स्वतःची वेगळी ओळख द्या. गिरणीने ते संगणकाच्या कितीतरी आधी केलं होतं. गिरणी, खातं आणि तिकीट नंबर, तिन्ही मिळून एक माणूस. गिरणीच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था होती, माणसाला नंबर बनवणारी. पण चाळीस वर्षांनी, नावाची चार रूपं झाल्यावर, त्याच नंबराने तो माणूस पुन्हा एक होत होता. आणि हा नंबर जपून ठेवला होता नाव न घेणाऱ्या बायकोने.

पुढचं काम नोटरीकडे झालं. या चारही कागदांवरची नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र. आम्ही याला मॅपिंग टेबल म्हणतो. डावीकडे सापडणारं नाव, उजवीकडे खरा माणूस. फरक इतकाच, की आमचं टेबल चुकलं तर मी दुरुस्त करतो आणि पुन्हा चालवतो. आजींना त्यासाठी दोनदा रांगेत उभं राहावं लागलं, एकदा झेरॉक्स पुसट आली म्हणून.

ऑफिसात मी आता एका गोष्टीवर अडून बसतो. 'एकही नोंद सापडली नाही' हे वाक्य कोडमध्ये एकाच ठिकाणी येऊ द्यायचं: प्रश्न पोचला, उत्तर आलं आणि ते खरोखर रिकामं होतं, तिथेच. जोडणी तुटली तर 'आत्ता शोधता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा'. नाव जवळपास जुळलं तर 'या नावाशी मिळत्याजुळत्या तीन नोंदी आहेत'. माहिती अपुरी असेल तर कुठली ते सांगा. सहकारी म्हणतात, कुणी वाचत नाही रे इतकं. कंपनीत बसून लाखो ओळी बघणाऱ्यासाठी ते खरंही असेल. स्क्रीनसमोरच्या माणसाची मात्र ओळ एकच असते. ती सापडली नाही तर तो पुन्हा येईल की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरतं.

आजींना घर अजून मिळालेलं नाही आणि नकारही आलेला नाही. मध्ये एकदा शेजारचं कोणीतरी त्यांना म्हणालं, आता काही व्हायचं नाही. त्यांनी मला विचारलं. मी माझ्या भाषेत जे खरं होतं तेच सांगितलं: उत्तर आलेलं नाही म्हणजे 'नाही' असं उत्तर आलेलं नाही. त्या 'बरं' म्हणाल्या आणि पावतीच्या मागे तिकीट नंबर पुन्हा एकदा लिहून घेतला, मोठ्या आकड्यांत, मुलीकडे ठेवायला.