आजीची ओळ

पावसाळा संपता संपता आनेकलच्या आमच्या देवळात एका अनोळखी माणसाचं दफन झालं. माणूस झारखंडचा, जिगणीच्या एका कारखान्यात कामाला होता. रविवारी शेवटच्या बाकावर बसायचा, मिस्सा संपली की कुणाशी न बोलता निघून जायचा. खोलीतल्या सोबत्यांना त्याचं नाव ठाऊक होतं, बापाचं नव्हतं. फादरनी दफनाची वही उघडली, नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. सोबत्यांपैकी एक त्याच भागातला निघाला, त्याला तिकडच्या चर्चचं नाव माहीत होतं. फादरनी सिमडेग्याकडे फोन लावला. पलीकडे कुणीतरी कपाट उघडलं, पानं उलटली आणि सावकाश वाचून दाखवलं: बापाचं नाव, आईचं नाव, गाव, बाप्तिस्म्याची तारीख, धर्ममातेचं नाव. आमचे फादर कानडी माणूस. मोडक्या हिंदीत प्रत्येक नाव दोनदा विचारून त्यांनी ते उतरवून घेतलं. मग नीलगिरीच्या झाडांखाली आमच्या बायकांनी तमिळ आणि कानडी गाणी म्हटली. मेलेल्या माणसाची भाषा या दोन्हींतली नव्हती. त्याच्यासाठी रडणारं तिथे कुणी नव्हतं, तरी सगळं रीतसर झालं, कशातच हयगय झाली नाही.

त्याच रात्री पुण्याहून पुतण्याचा फोन आला. बोलता बोलता त्याने त्याचं नेहमीचं वाक्य टाकलं, "काका, मला ख्रिस्त हवा, चर्च नको." या वाक्याचा मला फार दिवसांचा राग आहे. मुलगा भला आहे, बायबल वाचतो, दानधर्म करतो. पण त्या वाक्यात माझ्या आजीला जागा नाही, म्हणून राग.

माझी आजी वसईतल्या नंदाखालची. लिहिता-वाचता येत नव्हतं. मिस्सा लॅटिनमध्ये होती त्या काळात सगळे प्रतिसाद तिला लॅटिनमध्ये पाठ, आणि पुढे मराठी मिस्सा आली तेव्हा तेही पाठ. दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दफनभूमीत मेणबत्त्या लावून झाल्या की ती माझा हात धरून देवळाच्या ऑफिसात जायची. तिथले म्हातारे फादर काही न विचारता कपाटातून एक जाड वही काढायचे. कापडी पाठ उसवलेली, कडा वाळवीने कातरलेल्या. ते पान शोधून द्यायचे आणि आजी एका ओळीवर बोट ठेवायची. उजवीकडचं पान, वरून तिसरी की चौथी ओळ, शेजारी शाईचा पसरट डाग. तो डाग म्हणजेच तिची खूण. बोट ठेवून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची आणि पदराने ते बोट पुसून निघायची. शाईला घाम लागू नये म्हणून बोट आधीही पुसलेलं असायचं.

ती ओळ तिच्या पहिल्या मुलाची. माझ्या पपांच्या आधीचा, एक रात्र जगलेला. त्याचा फोटो नाही, कबरीवर दगड नाही. आषाढातली रात्र होती, वाटा पाण्याखाली. आजोबा फादरना आणायला बाहेर पडलेले, घरात आजी आणि सुईण दोघीच. सुईण शेजारच्या पाड्यातली, हिंदू. मूल निळं पडू लागलं तेव्हा आजीने अंथरुणातूनच तिला सांगितलं, तांब्यातलं पाणी डोक्यावर ओत आणि मी सांगते ते शब्द म्हण. तिने ते म्हटले. उजाडेपर्यंत मूल गेलं. फादर आले आणि त्यांनी सुईणीला विचारलं: पाणी डोक्यावरून वाहिलं का? शब्द कोणते म्हटलेस? मनात काय होतं? ती म्हणाली, तुम्ही लोक जे करता तेच करायचं होतं. फादरनी मान हलवली. नंतर वहीत मुलाचं नाव लिहिलं आणि बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात, जिथे एरवी सगळीकडे धर्मगुरूंची नावं, तिथे त्या सुईणीचं नाव लिहिलं.

लहानपणी मला यात नवल वाटलं नव्हतं. मोठेपणी कळलं की त्या फादरनी दयेपोटी नियम वाकवला नव्हता, नियमच तसा होता. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने १४३९ साली लिहून ठेवलं आहे की निकडीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पुरुष असो वा स्त्री, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. पाणी हवं, शब्द हवेत आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू हवा. वसईच्या एका झोपडीत, पुरात अडकलेल्या बाळंतिणीला पाचशे वर्षांनी काय लागेल याचा विचार कुणीतरी इटलीत बसून करून ठेवला होता. मला पुतण्याला सांगायचं आहे ते हेच. एकट्याच्या श्रद्धेला ओळखीची माणसं पुरतात. ज्याला आपण कधी पाहणार नाही त्याच्यासाठी आधीच विचार करून ठेवायचा, तर संस्था लागते. तीही नुसती चार दिवसांची नव्हे, शतकानुशतकं कपाटं सांभाळणारी.

या वह्यांचीसुद्धा एक गोष्ट आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली लग्नांची वही ठेवणं धर्मगुरूंवर बंधनकारक केलं, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावं नोंदवायला सांगितली. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मृत्यू अशा वह्यांचे नमुने घालून दिले. नेमकं त्याच वर्षी जपानच्या तोकुगावा सत्तेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, मिशनऱ्यांना हाकललं. जपान मध्येच का आणलं असं वाटेल, पण वसईकराला जपान परकं नाही. आमचा गोन्सालो गार्सिया तिथे मेला. वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्या आईचा मुलगा. पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, वर्षानुवर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही. तो व्यापारात पडला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांत क्रुसावर मारला गेला. १८६२ साली तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. एका संघाने नाकारलं म्हणून त्याने घर सोडलं नाही, त्याच घराचं दुसरं दार ठोठावलं. गासला त्याच्या नावाचं देऊळ आहे. त्याच्या सणाला मी लहानपणी पायी जायचो.

बंदीनंतर जपानमध्ये उरलेले बहुतेक धर्मगुरू एकेक करून मारले गेले. दोनशेहून अधिक वर्षं तिथे एकही पाद्री नव्हता, मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हतं. मग १७ मार्च १८६५ला नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे पंधराएक शेतकरी आले आणि फ्रेंच धर्मगुरू पतीजाँ यांच्या कानाशी लागून म्हणाले की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, मरियेची मूर्ती कुठे आहे? हे ओउरा चर्च त्याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेलं, म्हणजे त्यात आमच्या गोन्सालोचाही वाटा. दोन शतकं हे लोक टिकले कसे? प्रत्येकाने आपापल्या मनात ख्रिस्त जपला म्हणून नव्हे. त्यांनी कामं वाटून घेतली होती. एकाकडे सणावारांची दिनदर्शिका, एकाकडे बाप्तिस्म्याचं पाणी आणि शब्द, एक घरोघर निरोप पोचवणारा. धर्मगुरू गेले, देवळं गेली, तरी हाताशी उरलेल्या माणसांतून त्यांनी धर्मग्राम उभं केलं, आणि संधी मिळताच पहिली चौकशी केली ती आपल्या घरच्यांची. आजीने अंथरुणातून सुईणीला शब्द सांगितले ते याच जातीचं काम होतं.

पुतण्याचा दाखला नारायण वामन टिळकांचा असतो. तो खराही आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण कवी मिशनच्या परकेपणाला विटला आणि १९१७ साली मिशन सोडून त्याने 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे. साहेबी चर्चमध्ये मराठी माणसाचा जीव किती गुदमरत असेल ते त्यांच्या पत्नीची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळतं. पण संघटित धर्मातून बाहेर पडून त्यांनी काय केलं? दरबार भरवला. नाव दिलं, माणसं जोडली. दोनच वर्षांनी, मे १९१९मध्ये ते गेले आणि मागे दरबार फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र टिकली. 'उपासना संगीत' छापणाऱ्या, बाकांवर ठेवणाऱ्या आणि रविवारच्या रविवार ती गाणाऱ्या मंडळ्यांनी ती टिकवली. ज्या घरातून ते निघून गेले होते, त्या घराने त्यांचं गाणं जपलं.

ख्रिस्ताचं तरी काय? लूक सांगतो की तो आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी नासरेथच्या सभास्थानात गेला. कुष्ठरोगी बरे केले तेव्हा त्यांना याजकाकडे पाठवलं. ज्या याजकवर्गावर त्याने कोरडे ओढले, त्याच्याचकडे. बारा जण निवडले, त्यांची नावं चारचौघांत घेतली. आणि पुतण्या ज्या नव्या करारातून ख्रिस्ताला ओळखतो, त्यातली सत्तावीस पुस्तकं कोणती हे ठरायला चौथं शतक उजाडावं लागलं. अथानासियस यांचं ३६७चं पत्र, त्यानंतर कार्थेजची ३९७ची सभा. चर्च वजा केलं तर हातातलं पुस्तकही जातं.

२०२०च्या टाळेबंदीत देवळं बंद होती तेव्हा आम्ही मिस्सा मोबाइलवर पाहिली. प्रवचन स्पष्ट ऐकू यायचं, घरच्या देवळापेक्षा स्पष्ट. ख्रिस्तशरीर मात्र मिळालं नाही. ते स्वतःच्या हाताने ताटातून उचलून घ्यायची गोष्ट नाही. दुसऱ्या कुणीतरी ते आपल्या हातावर ठेवावं लागतं. क्षमेचंही तसंच. मी माझी मला क्षमा करू शकत नाही, ती माझ्या कानांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. बाप्तिस्माही कुणी स्वतःला देत नाही. कॅथलिक माणसाला देव नेहमी दुसऱ्याच्या हातून मिळतो, आणि तो दुसरा आपल्या पसंतीचा असेलच असं नाही. टाळेबंदीनंतरच्या पहिल्या कम्युनियनला माझ्या पुढे उभा होता तो आमच्या गल्लीतला, ज्याच्याशी माझा पाण्याच्या टाकीवरून वाद झाला होता. त्यानंतर लगेच मी.

संस्थेत घाण साचते हे मला कुणी समजावून सांगायला नको. मुलांवर अत्याचार झाले आणि ते वरिष्ठांनी झाकले. दफनभूमीतसुद्धा जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. जमिनींचे व्यवहार झाले. माझा राग या सगळ्यावर आहे, आणि तो घरातल्या माणसाचा राग आहे. पण जिथे नोंद असते, पद असतं, वर कुणी असतं, तिथेच जाब विचारता येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची व्यवस्था सक्तीची केली. फार उशिरा, पण केली. भाड्याच्या सभागृहातला एकांडा उपदेशक उद्या बोर्ड काढून निघून गेला तर त्याच्या मागे कुणी कुठे जायचं? आणि आत राहून ताठ बोलता येतं हे आमच्याच गावच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी दाखवलं. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, 'सुबोध बायबल' लिहिलं, २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. झगा शेवटपर्यंत अंगावर होता. २५ जुलै २०२४ला ते गेले, नंदाखालच्याच मातीत.

माझी स्वतःची ओळही तिथेच आहे, आजीच्या ओळीनंतरच्या कुठल्याशा वहीत. लग्न इकडे बेंगळुरूत झालं तेव्हा इथल्या फादरनी नंदाखालला कळवलं आणि तिकडे माझ्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात ते लिहिलं गेलं. मुलीच्या लग्नाच्या वेळी तिचा बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतलाच हवा म्हणाले. त्याचं कारण हा समास. माणूस कुठेही गेला तरी त्याच्याबद्दलचं पत्र त्या एका ओळीकडे परत जातं.

पण आजीची गोष्ट सांगताना मी दर वेळी मुलापाशी थांबतो, आणि अलीकडे मन थांबतं सुईणीपाशी. ती पुढे बरीच वर्षं जगली. माझ्या पपांचं बाळंतपण तिनेच केलं. सणाला आजी तिच्याकडे डाळ-तांदूळ आणि लुगडं पाठवायची. ती गेली त्या वर्षीपासून २ नोव्हेंबरच्या पाकिटात, मिस्सेला वाचायच्या नावांच्या चिठ्ठीवर, आजीने तिचं नाव घालायला लावलं. चिठ्ठी लिहायचो मी. लोपीस, परेरा, डाबरे यांच्या रांगेत एक ठाकूरपाड्यातलं नाव. फादरनी ते इतरांसारखंच वाचलं. आजीनंतर पपांनी ते चालू ठेवलं, पपांनंतर मी, आता आनेकलहून.

गेल्या नोव्हेंबरात नावं वाचायचं काम एका कॉलेजातल्या मुलीकडे होतं. आदल्या संध्याकाळी ती चिठ्ठ्या कानडीत उतरवून घेत बसली होती. माझ्या चिठ्ठीवर अडली. हे नाव कसं म्हणायचं, अंकल? मी म्हणून दाखवलं. हे ख्रिस्ती नाव नाही ना, तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, पण यांनी माझ्या काकाला बाप्तिस्मा दिला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग फादरना विचारायला आत गेली आणि लगेच परत आली. फादर म्हणाले बरोबर आहे, ती म्हणाली. नाव लिहून घेतलं, एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे चिठ्ठीसाठी हात केला.