डेल्टा कुठून आला?

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत उडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. या तालमीतून आलेली मुले एफ.वाय.बी.एस्सी.ला बसतात आणि फळ्यावर ओळ येते: क्ष २ कडे जाताना क्षचा वर्ग ४ कडे जातो, हे सिद्ध करा. मागच्या बाकावरून विचारणा होतेच. "सर, दोनचा वर्ग चारच ना? त्यात सिद्ध काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहायची सवय होती, ती दोन वर्षांच्या क्लासने पुसून टाकलेली असते.

शिकवण्यात मुरलेला शिक्षक अशा वेळी व्याख्या लिहायची घाई करत नाही. तो एका बाकावरच्या दोघांना एकमेकांसमोर उभे करतो. किती चूक खपवून घ्यायची ते पहिल्याने सांगायचे, तो एप्सिलॉन. त्यासाठी क्ष २ च्या किती जवळ ठेवावा लागेल ते दुसऱ्याने सांगायचे, तो डेल्टा. "०.१." "मग ०.०२ पुरे." "०.००१." "०.०००२." दुसऱ्याला लवकरच युक्ती सापडते: एप्सिलॉनला ५ ने भागायचे की काम झाले. मग पहिला खट्याळपणे १०० म्हणतो. दुसरा सवयीने २० म्हणतो आणि फसतो, कारण आता क्ष २० सुद्धा घेता येतो. त्याचा वर्ग ४००, म्हणजे चूक ३९६.

इथे वर्ग जागा होतो. क्षचा वर्ग वजा ४ म्हणजे (क्ष − २) गुणिले (क्ष + २). पहिला अवयव आपण आवळू शकतो, पण दुसरा मोकाट सुटतो. म्हणून आधीच ठरवायचे, की क्ष २ पासून १ पेक्षा कमी अंतरावर राहील. मग तो १ आणि ३ च्या मध्ये अडकतो आणि क्ष + २ हे ५ च्या आत राहते. तेव्हा १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतला जो लहान, तो डेल्टा.

"पण हा १ कुठून आला?" आपण घेतला म्हणून आला! अर्धा घेतला असता तर ५ च्या जागी ४.५ आले असते आणि तेही बरोबरच ठरले असते. एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे आणि दोन्ही बरोबर, हे पचायला मुलांना सगळ्यात जड जाते.

पाठ्यपुस्तके यातले काही दाखवत नाहीत. ती थेट "डेल्टा अमुक घेऊ" अशी सुरुवात करतात आणि मुलांना ती जादू वाटते. प्रत्यक्षात डेल्टा उलट्या वाटेने, शेवटच्या ओळीकडून मागे येत शोधलेला असतो. फळ्याचा अर्धा भाग या कच्च्या कामाला राखून ठेवणारा शिक्षक निम्मी लढाई तिथेच जिंकतो.

पायाच्या या गोष्टी थोरांनाही सहज उमगल्या नव्हत्या. कोशीच्या १८२१ च्या पाठ्यपुस्तकात सतत फलांच्या अनंत बेरजेविषयी एक ढोबळ विधान होते, त्याला अपवाद असल्याचे आबेलने १८२६ मध्ये दाखवले. रिचर्ड डेडेकिंड १८५८ मध्ये झ्यूरिकला कॅल्क्युलसची सुरुवातीची व्याख्याने देत होता. सतत वाढणारी पण एका मर्यादेत राहणारी राशी कुठल्यातरी सीमेला पोचतेच, हे सांगताना भूमितीच्या चित्राचा आधार घ्यावा लागतो, हे त्याला खटकले. त्याच नोव्हेंबरात त्याने परिमेय संख्यांचे दोन गट पाडून त्यांच्या छेदातून वास्तव संख्या उभ्या केल्या. छापून यायला १८७२ उजाडले. वर्गात शिकवताना बोचलेल्या शंकेतून हे सारे निघाले.

पेपर तपासणाऱ्यांना एवढीच विनंती: नमुना उत्तरात नसलेला डेल्टा दिसला, तर गुण कापण्याआधी त्याखालच्या दोन ओळी वाचा.