पॅशनेट

आमच्या सांगलीकडं पॅशन म्हणजे मोटारसायकल. २००१ साली हिरो होंडानं ती बाजारात आणली आणि बघता बघता सोप्यात, गोठ्याशेजारी, बाजार समितीच्या फाटकाबाहेर, जिथंतिथं ती उभी दिसू लागली. "पॅशन काढ की भायेर, डेअरीला दूध घालून येतो," असं मामेभाऊ ओरडतो तेव्हा त्याच्या मनात कसलीही खळबळ नसते. असलीच तर पेट्रोलच्या भावाची. विशेषण मात्र गावात उतरलं नाही. 'तो फार पॅशनेट आहे' असं म्हणायला शहर लागतं, शक्यतो काचेचं दार असलेलं ऑफिस.

मला हे विशेषण पहिल्यांदा दिसलं ते शाळेतल्या एका पुठ्ठा निघालेल्या इंग्रजी-मराठी कोशात. अर्थ दिले होते तापट, रागीट, विकारवश. तापट माणसं घरात होतीच, पण विकारवश म्हणजे काय हे मोठ्यांना विचारायची सोय नव्हती. मी पान उलटलं. पुढं कॉलेजात 'जेन एअर' वाचली आणि तो फाटका कोश किती बरोबर होता ते कळलं. १८४७ सालच्या त्या कादंबरीत मामी जेनला पॅशनेट म्हणते, ते कौतुकानं नव्हे. पोरगी भडक डोक्याची, हाताबाहेर गेलेली, असंच तिला म्हणायचं असतं. आज बायोडेटात मिरवणारा गुण त्या घरात पोरीला खोलीत कोंडायचं कारण होता.

शब्दाची दुसरी बाजू वसईत भेटली. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीनं गुड फ्रायडेला घरी नेलं होतं. चर्चमध्ये दुपारी योहानाच्या शुभवर्तमानातला येशूच्या अटकेपासून मरणापर्यंतचा भाग तिघांनी वाटून वाचला. एक निवेदक, एक येशू, एक बाकी सगळे. वाचन मराठीतच होतं. गर्दी इतकी, की आम्ही दाराशी उभ्या होतो. मैत्रिणीची आई हळूच म्हणाली, "हे दुःखसहन." इंग्रजीत यालाच पॅशन म्हणतात हे मला तिथं कळलं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच सोसणं. पेशंट आणि पॅसिव्ह ही त्याच घरातली भावंडं. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेला माणूस आणि 'आय अॅम पॅशनेट अबाउट मार्केटिंग' म्हणणारा माणूस सख्खे चुलत! इंग्रजी शब्दांच्या वंशावळी आपल्या गावच्या भावकीपेक्षा कमी गुंतागुंतीच्या नसतात.

आणि मग आमच्या आजीचं कृष्णकमळ. परसात न्हाणीच्या भिंतीवर वेल होता. फूल उमललं की आजी ते तळहातावर घेऊन महाभारत सांगे. कडेच्या जांभळ्या तंतूंचे शंभर कौरव, त्यांच्या वरचे पाच पांडव, सगळ्यांत वर ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मधल्या हिरव्या गोळीत कृष्ण. कौरव मोजायचा हट्ट कुणी धरला, तर ती म्हणे, "युद्धात मेले की काही." बरीच वर्षं मला वाटत होतं, की हे फूल हस्तिनापुराहूनच आलं असणार. प्रत्यक्षात हा वेल दक्षिण अमेरिकेचा. तिथं गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यात येशूचं दुःखसहन पाहिलं आणि जॅकोमो बोझिओ यांनी १६१० मध्ये रोममध्ये छापलेल्या ग्रंथात त्याचं वर्णन आलं. तंतूंचा काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन म्हणजे तीन खिळे. १७५३ मध्ये लिनियसनं पॅसिफ्लोरा हे शास्त्रीय नाव पक्कं केलं. त्यांनी जिथं खिळे पाहिले, तिथं आजीनं त्रिमूर्ती पाहिली. फूल बिचारं दिवसभरात मिटतं, त्याला दोन्ही पुराणं सारखीच.

याच कुळातल्या एका वेलाचा अर्क झोप येत नाही म्हणून मलाही दिला गेला. चाळिशीत कधीतरी. होमिओपॅथीच्या दुकानातली तपकिरी बाटली, वर लिहिलेलं पॅसिफ्लोरा. झोप आली की नाही ते सोडा. पण उत्कटतेचं नाव लावून झोपेचं औषध विकायचं, हा विनोद त्या रात्री एकटीला हसवायला पुरेसा होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हे विशेषण माझ्या टेबलावरच येऊन बसलं. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, मुलाखतीच्या समितीवर असायचे. हळूहळू प्रत्येक अर्जात तेच वाक्य दिसू लागलं. कुणी पुस्तकांबद्दल पॅशनेट, कुणी एक्सेलबद्दल, एक तर चक्क 'टीमवर्क आणि डेडलाइन्स'बद्दल. मला राग यायचा तो इंग्रजीचा नव्हे. या शब्दातून दुखणं काढून टाकलंय आणि नुसता उत्साह ठेवलाय, याचा. आपल्याकडं कामाची ओढ सांगायला कळकळ आहे, तळमळ आहे, जीव जळणं आहे. सगळी दुखण्याचीच भाषा. १९४७ साली विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. त्यांना पॅशनेट म्हणून बघा, जिभेवर कसं येतं ते. जुन्या अर्थानं ते अगदी बरोबर बसतं, आजच्या अर्थानं मात्र ते जाहिरातीतले वाटू लागतात.

म्हणून मी समितीत एक प्रश्न ठेवला होता. या कामातलं तुम्हाला काय सहन होत नाही? बहुतेक उमेदवार गोंधळायचे, कारण क्लासमध्ये हा प्रश्न घोटून घेतलेला नसे. एक मुलगी मात्र थांबली नाही. म्हणाली, "मॅडम, वाळवी. आणि वाळवी दिसली तरी 'बिल पुढच्या वर्षी टाका' म्हणणारी माणसं." मग तिनं आधीच्या नोकरीत कपाटं भिंतीपासून हात-दीड हात सरकवून घेण्यासाठी कुणाकुणाशी भांडण केलं ते सांगितलं. आवाज बारीक, खाली मान. बाहेर गेल्यावर एक सभासद म्हणाले, "हुशार आहे हो, पण पॅशन दिसत नाही." मी पुष्कळ हुज्जत घातली, पण जागा दुसऱ्याला गेली. ती आता दुसऱ्या गावच्या कॉलेजात असते. परवा फोनवर तासभर बोलली. नव्या प्राचार्यांशी तिचं वाजलंय, ग्रंथालयाच्या छपराच्या गळतीवरून, आणि पत्राचा मसुदा तपासायला माझ्याकडं पाठवलाय. मसुदा फारच तापट आहे. दोन विशेषणं कमी कर म्हणून सांगितलंय, ती ऐकेल असं वाटत नाही.