मित्स्पे रमोनच्या वाटेवर टेंडरची नाडी

२०२२ सालच्या हनुक्काच्या सुटीतली ही गोष्ट. आम्ही तिघे, म्हणजे आमचा ऐंशीला टेकलेला दादा, दहा वर्षांची नात आणि ही लिहिणारी, दुपारी दिमोनाहून मित्स्पे रमोनला निघालो. बरोबर थर्मासभर चहा, चपात्या नि बटाट्याची भाजी.

गाडी दादाचीच, जुने सुबारू टेंडर. मुलांनो, एके काळी अरब बहिष्काराच्या धाकाने बहुतेक जपानी कंपन्या इथे गाड्या विकत नसत. सुबारू मात्र विकत असे, म्हणून ही गाडी तेव्हा गल्लोगल्ली दिसायची.

येरुहाम मागे टाकून आम्ही स्दे बोकेरला थांबलो. बेन गुरियन आणि पौला यांच्या समाध्यांपाशी उभे राहिले की खाली त्सिनची दरी दिसते. नुसता पांढरा-पिवळा डोंगर, झाड औषधाला नाही. कोकणातल्या माणसाला आधी हे भकास वाटते, मग हळूहळू डोळ्यांत भरते.

अवदातचे नबाती लोकांचे जुने शहर टेकडीवर दिसले, आणि पुढच्या चढाला टेंडर थरथरू लागले. जोर जाई, धक्के बसत. आम्ही म्हटलं, "दादा, इंजिन ठोका चुकतंय." दादा म्हणाला, "छे! मला तर काही ऐकू येत नाही."

ऐकू येत नाही, हेच खरे दुखणे होते. मुंबईच्या वर्कशॉपात नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगणारा आमचा दादा! वर्षभर त्याचे कान जात होते आणि तो कुणाला बोलला नव्हता. गाडी कडेला घेऊन तो गप्प बसला.

आमची सारी नोकरी नर्सिंगमध्ये गेली. बोटांना नाडीची सवय. धुराच्या नळीमागे कागदाची पट्टी धरली. फडफड, फडफड, मध्येच खंड. पुन्हा तसेच. चारांतला एक सिलिंडर कामावर नव्हता.

दादाला हे दाखवले तशी त्याला हुशारी आली. "बाय, तू हात लाव, मी सांगतो," म्हणाला. मग रोग शोधायचा क्रम त्याने नातीला शिकवला. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची. तिच्या टोकाला सुटा प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला पक्का टेकवायचा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. मग इंजिन चालू करायचे, चालू असताना वायरला हात लावायचा नाही. थरथर वाढली तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर तोच आजारी. वायर परत बसवून पुढचा तपासायचा.

तिसऱ्या वेळी काहीच फरक पडला नाही. त्याचा प्लग काढला तर ओला, पेट्रोलचा वास मारणारा. म्हणजे पेट्रोल येत होते, ते पेटत नव्हते. सुटा प्लग तिथे बसवला, तरी तेच. मग शेजारच्या सिलिंडरची वायर इकडे आणि इकडची तिकडे केली. आता हा सुधारला आणि शेजारी बिघडला! "रोग वायरीबरोबर गेला," नात ओरडली. "म्हणजे वायरच आजारी!"

एवढ्यात काळोख पडला. बॉनेटखाली पाहतो तर त्या वायरीतून निळी ठिणगी लोखंडावर उडत होती. रबराला चीर गेली होती. चढावर इंजिनावर भार आला की ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याऐवजी ही जवळची वाट धरी.

इंजिन बंद करून दादाने वायर लोखंडापासून दूर, कोरड्या दोरीने बांधली. थरथर पुष्कळ कमी झाली. पण पुढे चढ आणि थंडी, म्हणून आम्ही हळूहळू माघारी आलो. तसेच दामटले असते तर न जळलेल्या पेट्रोलने सिलिंडरच्या आतले तेल धुऊन गेले असते. दुसऱ्या दिवशी मुसाखात चारही वायरी नव्या घातल्या. चार प्लग, कॉइल, सारेच बदलायचा खर्च वाचला.

त्याच आठवड्यात दादा आपणहून कान तपासायला गेला.

वसंतात पुन्हा निघालो आणि मित्स्पे रमोन गाठले. सुमारे ४० किलोमीटर लांबीचा तो खोलगट खड्डा उल्का पडून झालेला नाही, पाण्याने माती-दगड वाहून नेऊन झाला आहे. हिब्रूत त्याला मख्तेश म्हणतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला खल. काठावर रानबकऱ्या चरत होत्या. कानात यंत्र घातलेला दादा बॉनेटवर हात ठेवून उभा होता. नातीने विचारले, "सबा, नाडी कशी आहे?"

"चारही ठोके," दादा म्हणाला. "आता ऐकूही येतात."